रूबार्बचा गड्डा: ब्रिटनमध्ये नवा प्लॉट घेतलेल्यांसाठी लावणीपासून काढणीपर्यंत

ब्रिटनमध्ये ॲलॉटमेंटचा प्लॉट, म्हणजे कौन्सिलकडून (तिथल्या नगरपालिकेकडून) भाजीपाल्यासाठी भाड्यानं मिळणारा जमिनीचा तुकडा, हातात आला की पहिल्याच फेरीत कुठल्या तरी कोपऱ्यात एक पसरलेलं झुडूप दिसतं. पानं अळूसारखी मोठाली, देठ अंगठ्याएवढे जाड, काही हिरवे, काही लाल. ते रूबार्ब, आंबट देठांसाठी आधीच्या माणसानं लावून सोडलेलं. प्लॉटवर नसलं तर हिवाळ्यात शेजारचा कुणी तरी पिशवीतून चिखलानं माखलेला गड्डा आणून देतो आणि "लाव, येईल" एवढंच सांगून जातो. येतं खरं, पण कुठेही, कसंही लावलं तर दुसऱ्या वर्षी कुजतं किंवा काडीएवढे देठ देत राहतं.

पुढचं सगळं एका गोष्टीवरून सुचत जातं: रूबार्बचा जीव गड्ड्यात असतो. पानं उन्हाळाभर अन्न करून गड्ड्यात साठवतात आणि वसंतात देठ निघतात ते त्या साठ्यातून. यॉर्कशरमध्ये वेकफिल्ड, मॉर्ली आणि रॉथवेल यांच्यामधल्या 'रूबार्ब ट्रँगल'मधले शेतकरी गड्डे दोन वर्षं शेतात एक देठही न तोडता वाढवतात, थंडी खाऊ देतात आणि मग उपटून काळोख्या शेडमध्ये मांडतात. उजेड नाही, खत नाही, तरी देठ वर येतात. मेणबत्तीच्या उजेडात ते काढले जातात आणि रिकामे झालेले गड्डे शेवटी खतात जातात. या पिकाला २०१० मध्ये युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं. आपल्याला शेड नको, साठ्याचा हिशेब मात्र तोच ठेवायचा.

१. सगळ्यात आधी: पानं खायची नाहीत

हे मराठी घरांसाठी मुद्दाम पहिल्या क्रमांकावर. ही पानं पाहून अळूवडीची आठवण येणार, आणि "चिंच घालून उकडलं की खाज जाते" हे आपल्याला लहानपणापासून माहीत. इथे ते चालत नाही. अळूत खाजवतात ते कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक. रूबार्बच्या पानात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, ते शरीरात शोषलं जातं, मूत्रपिंडावर जातं, आणि उकडल्यानं किंवा चिंचेनं पान खाण्याजोगं होत नाही. पहिल्या महायुद्धात भाज्यांची टंचाई होती तेव्हा ब्रिटनमध्ये ही पानं खायचा सल्ला दिला गेला आणि त्यातून विषबाधा झाल्या. खायचा तो फक्त देठ. पान देठापासून प्लॉटवरच कापून टाका, घरी आणूच नका. आईवडील भारतातून आले असतील तर त्यांना आल्याआल्या सांगून ठेवा. फ्रिजमध्ये हिरवं पान दिसलं की भाजी करायची हात-सवय असते.

कापलेली पानं कंपोस्टमध्ये खुशाल टाका. कुजताना आम्ल मोडतं, खत विषारी होत नाही.

चव ओळखीचीच आहे. रूबार्ब आपल्या आंबट चुक्याच्या कुळातलं. आयुर्वेदातली रेवंदचिनी तर याची सख्खी बहीण, हिमालयातली.

२. काय काय जमवायचं

- धारदार स्पेड. आपलं फावडं नव्हे. सरळ दांड्याचं, सपाट पात्याचं, पायानं दाबून जमिनीत घालायचं
- गार्डन फोर्क, शक्यतो दोन
- जुनी करवत किंवा ब्रेड कापायची दातेरी सुरी
- एका झाडामागे दोन बादल्या चांगलं कुजलेलं शेणखत किंवा घोड्याचं खत
- दहा लिटरची झारी
- गमबूट, जाड हातमोजे, लेबलाच्या पट्ट्या आणि पेन्सिल (मार्करची शाई उन्हात उडते)

कागदपत्रांत ॲलॉटमेंटचा भाडेकरार एकदा नीट वाचा. प्लॉट अजून मिळायचा असेल तर कौन्सिलच्या अर्जाला बहुतेक ठिकाणी ओळखपत्र आणि त्याच हद्दीतल्या पत्त्याचा पुरावा लागतो, कौन्सिल टॅक्सचं बिल चालतं. करारात पाण्याचा पाइप वापरायला परवानगी आहे का, पालापाचोळा जाळता येतो का आणि तण दाबायला जुने गालिचे अंथरायला मनाई आहे का, ते बघा. गालिच्यांना बऱ्याच साइटवर बंदी असते आणि नवा माणूस नेमका तिथेच अडकतो. आणखी एक: पाइप गोठून फुटू नयेत म्हणून अनेक साइटवर हिवाळ्यात नळ बंद असतात, आणि रूबार्बची लावणी हिवाळ्यातच असते. पिंपात पाणी आधीच भरून ठेवा.

३. जागा

रूबार्ब एकदा बसलं की पाच-सहा वर्षं हलत नाही. त्यामुळे दरवर्षी खणायच्या वाफ्यात मधोमध लावू नका, कडेला लावा. एका झाडाला सव्वातीन फूट गुणिले सव्वातीन फूट, म्हणजे साधारण एक चौरस मीटर सोडा. लावताना ही जागा उगीच मोठी वाटते. तिसऱ्या जूनमध्ये वाटत नाही.

ऊन हवं, पण अर्धा दिवस सावली असली तरी चालतं. चिकण माती चालते, थोडी आम्लधर्मी मातीही चालते, साचलेलं पाणी मात्र अजिबात चालत नाही. परीक्षा सोपी: एक फूट खोल खड्डा करून पाण्यानं भरा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात पाणी दिसलं तर ती जागा सोडा, किंवा माती अर्धा फूट उंच करून गादीवाफ्यावर लावा. उताराच्या तळाशी थंड हवा साचते आणि कोवळे देठ हिमानं काळवंडतात, तिथे नको. आणि जिथे आधीचं रूबार्ब कुजून मेलं, तिथे पुन्हा रूबार्ब नको.

चौघांच्या घराला दोन झाडं पुरतात. चार लावलीत तर मे महिन्यात ओळखीचे लोक तुम्हाला टाळू लागतात.

४. कोणती जात

फुकट मिळालेल्या गड्ड्याची जात बहुतेक वेळा देणाऱ्यालाही माहीत नसते, आणि त्यानं काही बिघडत नाही. विकत घेणार असाल तर 'टिंपर्ली अर्ली' लवकर येते, दक्षिणेकडे मार्चमध्येही, आणि अंधारात वाढवायलाही चांगली. 'व्हिक्टोरिया' उशिरा येते, देठ जाड, पीक भरपूर, जुनी आणि भरवशाची. 'शँपेन' बारीक आणि नाजूक. 'लिव्हिंगस्टन' शरद ऋतूतही देठ देते.

लाल देठ म्हणजे गोड देठ, हा गैरसमज. रंग जातीचा असतो. हिरव्या देठाच्या जातीही चवीला उत्तम असतात. बियांपासून लावायच्या फंदात पडू नका. रोपं आईसारखी निघत नाहीत आणि एक वर्ष जास्त जातं.

५. गड्डा कधी काढायचा

पानं पिवळी पडून जमिनीवर लोळली की झाड झोपलं. नोव्हेंबरपासून ते फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत, डोळे (गड्ड्यावरचे कोंब) फुगायच्या आत, हे काम उरकायचं. जमीन गोठलेली असेल किंवा बुटाला चिखल चिकटत असेल तर त्या दिवशी चहा पिऊन परत जा. ओल्या मातीत स्पेड घातलं की ती घट्ट लिंपली जाते आणि मग पाणी जिरत नाही.

दुकानातलं कुंडीतलं रोप वर्षभर लावता येतं. पण प्लॉट सोडायचाय आणि ऐन उन्हाळ्यात झाड हलवणं भागच आहे, अशी वेळ आली तर तीन-चार कोवळी पानं ठेवून बाकीची कापा, मातीचा जेवढा मोठा गोळा उचलता येईल तेवढा उचला आणि नव्या जागी महिनाभर पाणी तुटू देऊ नका. एक वर्ष मागे पडणार, हे धरून चाला.

६. उचलणे आणि तुकडे करणे

१) मेलेली पानं हातानं ओढून काढा. खाली गुलाबी-लाल, मुठी मिटल्यासारखे फुगीर डोळे दिसतील. उसाच्या बेण्याचा डोळा ज्यानं पाहिलाय त्याला वेगळं सांगायला नको; सगळा खेळ त्यांचा.

२) डोळ्यांच्या कडेपासून एक फूट अंतर सोडून चहूबाजूंनी स्पेड उभं दाबत जा. तिरपं घातलं तर मुळं अर्ध्यावर कापली जातात.

३) आता समोरासमोर दोन फोर्क घालून हलवत उचला. जुन्या झाडाची मुळं मनगटाएवढी जाड आणि खोल असतात, सगळी निघणार नाहीत. तुटली तर तुटली. पाच-सहा वर्षांचा गड्डा मातीसकट भलताच जड होतो, एकट्यानं कंबर लावू नका. दुसरा मार्ग म्हणजे मूळ झाड जागीच ठेवायचं आणि स्पेडनं कडेचा एक तुकडा कापून घ्यायचा. शेजाऱ्याकडून गड्डा मागताना हेच बरं, त्याचंही झाड राहतं.

४) बादलीत धुऊन घ्या. ही पायरी लोक गाळतात आणि पस्तावतात. सोडून दिलेल्या प्लॉटवरच्या गड्ड्यात बाइंडवीडची पांढरी, शिजवलेल्या शेवयांसारखी मुळं गुंतलेली असतात. बोटभर तुकडा राहिला तरी नव्या जागेत ते तण तुमच्या हातानं पेरलं जातं. आपल्या हराळीची ही विलायती जाऊ.

५) गड्डा आडवा न ठेवता डोळे वर ठेवून उभा कापा. प्रत्येक तुकड्याला एक तरी भक्कम डोळा हवा, दोन-तीन असले तर आणखी चांगलं, आणि त्याखाली मुठीपेक्षा मोठा मुळाचा भाग. कडेचे तुकडे तरुण असतात, ते घ्या. मधला लाकडासारखा, पोकळ झालेला भाग फेका.

६) कापलेला गर बघा. पिवळा-केशरी आणि कडक असेल तर निरोगी. तपकिरी, मऊ, वास मारणारा असेल तर तो तुकडा कितीही मोठा असो, लावू नका. कंपोस्टमध्येही टाकू नका, आणि पुढच्या गड्ड्याला हात लावायच्या आधी स्पेड पुसून घ्या.

लगेच लावणं जमत नसेल तर ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. चार दिवस ठीक, महिनाभर नाही.

७. लावणी

खड्डा दीड फूट रुंद, एक फूट खोल. काढलेल्या मातीत दोन बादल्या खत नीट कालवा. ताजं शेण गड्ड्याला चिकटलं की कूज ठरलेली, म्हणून खत काळं, भुसभुशीत आणि वास मेलेलं असावं.

घोड्याचं फुकट खत घेत असाल तर एक चाचणी करा. कुरणावर अमिनोपायरॅलिडसारखं तणनाशक मारलेलं असेल तर ते चाऱ्यातून घोड्यात आणि घोड्यातून खतात तसंच उतरतं. मग प्लॉटवरचे टोमॅटो, बटाटे आणि शेंगा वाकड्यातिकड्या होतात. कुंडीत थोडं खत मातीत मिसळून त्यात ब्रॉड बीनचे चार दाणे लावा आणि शेजारी साध्या मातीत चार. तीन-चार आठवड्यांत खताच्या कुंडीतली पानं पिळवटली तर ते खत आल्या पावली परत.

आता खोली. सगळ्यात जास्त रूबार्ब इथेच मरतं. खणलेली माती लावणीनंतर काही आठवड्यांत बसते, गड्डा तिच्याबरोबर खाली जातो, वर खळगा होतो, त्यात हिवाळ्याचा पाऊस साचतो आणि डोळे सडतात. म्हणून माती गड्ड्याखाली आधी टाचेनं दाबून घ्या, मग गड्डा असा ठेवा की डोळ्याचं टोक आजूबाजूच्या जमिनीच्या किंचित वर राहील. चिकण मातीत तीन-चार इंचांचा उंचवटा करून त्यावर बसवा. बाजूची माती भरून पायानं दाबा, झारीभर पाणी द्या, पाणी जिरल्यावर पुन्हा बघा. डोळा बुडाला असेल तर त्याच वेळी गड्डा उचलून वर घ्या. काम संपल्यावर तो उघडाबोडका आणि केविलवाणा दिसतो, माती ओढून झाकावंसं वाटतं. झाकू नका. थंडी त्याला बाधत नाही, उलट ती हवीच. बरेच आठवडे पाच अंशांच्या खालची थंडी मिळाली तरच तो वसंतात जोमानं जागा होतो.

भोवती दोन-तीन इंच खताचं किंवा पाल्याचं आच्छादन करा, पण डोळ्यांच्या मधोमध नको. लेबल खोचा: जात आणि तारीख.

(याच कारणानं पुण्याच्या गच्चीत किंवा कोकणातल्या परसात हे झाड टिकत नाही. सामानातून गड्डा नेण्याचा विचारही सोडा. भारतात लावणीसाठी वनस्पती नेताना आयात परवाना आणि वनस्पतीच्या आरोग्याचं प्रमाणपत्र दोन्ही लागतं.)

८. पहिली दोन वर्षं

पहिल्या वर्षी एकही देठ तोडायचा नाही. एकही म्हणजे एकही. पान गेलं की साठ्यात येणारं अन्न गेलं. दुसऱ्या वर्षी मे महिन्यात प्रत्येक झाडाचे तीन-चार देठ घ्या आणि थांबा. तिसऱ्या वर्षापासून मोकळेपणानं.

मे ते सप्टेंबर कोरड्या आठवड्यात प्रत्येक झाडाला झारीभर पाणी, रोज शिंपडण्यापेक्षा एकदाच, मुळापर्यंत जाईल असं. मार्चमध्ये ग्रोमोरसारखं साधं मिश्रखत चौरस मीटरला १०० ग्रॅम. नोव्हेंबरात मेलेली पानं काढून घ्या, कारण त्यांच्याखाली गोगलगायींचं हिवाळी वसतिगृह भरतं.

मधूनच जाड, गोल दांडा वर येतो आणि टोकाला फ्लॉवरसारखा गड्डू दिसतो. तो तुरा. दिसायला छान असतो, पण बी धरण्यात साठा उडवतो, म्हणून दिसेल त्या दिवशी बुडापासून कापा. वारंवार तुरे येत असतील तर झाड म्हातारं झालंय, उपाशी आहे किंवा पाण्याला तरसलंय. पुढच्या हिवाळ्यात खणून तुकडे करायला घ्या.

९. काढणी

सुरीनं कापू नका. राहिलेला खुंट सडतो आणि ती सड गड्ड्यात उतरते. देठ अगदी बुडाशी धरा, अंगठा आतल्या खोबणीत ठेवा, जरा पिळा आणि बाहेरच्या बाजूला ओढा. 'टक्' असा आवाज येऊन तो टाचेसकट सुटतो, टाच फिकट गुलाबी आणि चमच्यासारखी पसरट असते. देठ फूटभर झाला आणि पान पूर्ण उघडलं की तो तयार.

एका वेळी अर्ध्यापेक्षा जास्त देठ घेऊ नका. 'लिव्हिंगस्टन'सारखी शरदातली जात सोडली तर जूनअखेर काढणी बंद. जुलैत देठ दिसतात, हात शिवशिवतात, पण ही पानं पुढच्या वर्षीची कमाई करत असतात. कडक हिमानं देठ लुळे आणि मऊ पडले असतील तर ते खाऊ नका, पानातलं आम्ल देठात उतरलेलं असू शकतं. ते ओढून कंपोस्टात टाका, मागून नवे येतील.

१०. अंधारातलं रूबार्ब

तीन वर्षांच्या पुढच्या, धष्टपुष्ट झाडावरच करा. डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत डोळ्यांवर काळी, उजेड न झिरपणारी उंच बादली किंवा कचऱ्याचा डबा पालथा घाला, आत थोडं कोरडं गवत, वर विटा. विटा विसरलात तर डबा वाऱ्यानं तिसऱ्या प्लॉटवर सापडतो. साधारण आठ आठवड्यांत कोवळे, गुलाबी देठ आणि वर चुरगळलेली पिवळी पानं मिळतात. आठवड्यातून एकदा डबा उचलून गोगलगायी वेचा. त्या झाडाला पुढची दोन वर्षं अंधार नाही, आणि त्या वर्षी दुसरी काढणीही नाही.

११. काय बिघडतं, कशामुळे

काडीसारखे बारीक देठ: लवकर तोडलं, किंवा गर्दी, किंवा भूक. डोळे तपकिरी आणि लिबलिबीत, पानं फिकी: गड्डाकूज, बहुतेक वेळा खोल लावल्यामुळे. थोडीच कूज असेल तर निरोगी गरापर्यंत कापून नव्या जागी लावून बघता येतं. मधोमध पसरली असेल तर उपटून फेका, त्यावर औषध नाही. पानांवर तांबूस ठिपके: पाऊसमानाची बुरशी, पान काढा, काळजी नको. पानांवर पिवळी नक्षी आणि झाड दरवर्षी खुरटतंय: विषाणू, त्याचे तुकडे कुणाला देऊ नका. जुलै-ऑगस्टच्या उन्हात पानं बसली म्हणजे झाड मेलं असं समजून खणू मात्र नका. ते विश्रांती घेतंय, पाणी द्या.

१२. घरी आल्यावर

ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा लोखंडी कढई नको, आंबटाला भांडं उतरतं. स्टील वापरा. देठ धुऊन बोटाच्या पेराएवढे कापा, जून देठाचे धागे ओढून काढा. यात पाणी इतकं असतं की शिजवताना वरून घालावं लागत नाही.

कैरीच्या जागी हे चपखल बसतं. मेथांब्यासाठी अर्धा किलो देठ, चमचाभर मेथीदाणे, मोहरी-हिंगाची फोडणी, तिखट, मीठ आणि पाव किलो गूळ. गूळ आधी फोडणीत विरघळवून उकळी आणा आणि फोडी शेवटी टाका. कैरी दहा मिनिटं तग धरते, रूबार्ब चार-पाच मिनिटांत विरघळून लगदा होतं. आंबट वरणात मात्र तो लगदाच हवा: पाऊण वाटी तूरडाळीला दोन देठ, चिंच अजिबात नको. जास्तीच्या फोडी कच्च्याच फ्रीझरमध्ये जातात. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनी देठही टाळावेत, ऑक्झलेट त्यांतही असतंच.

पाच-सहा वर्षांनी झाड मधून पोकळ होईल, तेव्हा क्रमांक ६ पासून पुन्हा. तुकडे उरतात आणि वाटले जातात. वाटताना पिशवीवर जातीचं नाव लिहा आणि खाली ठळक अक्षरांत: पानं खायची नाहीत.